वहीतली वाटी, डंकावरचा किलो: कांदा-लसूण मसाल्याची मापं ग्रॅममध्ये कशी काढायची?

पेठेतली_सून

नमस्कार. यंदा ५ किलो मिरचीचा कांदा-लसूण मसाला डंकावर कुटून आणायचाय. घरच्या जुन्या वहीत १ किलो मिरचीचं प्रमाण असं आहे:

मिरची १ किलो (निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी), धने ३ वाट्या, जिरे पाऊण वाटी, तीळ १ वाटी, खसखस अर्धी वाटी, खोबरं २ वाट्या, मीठ १ वाटी, तेल १ वाटी, मेथी १ चमचा, लवंग २ तोळे, दालचिनी १ तोळा, दगडफूल मूठभर, कांदा १ किलो, लसूण अर्धा किलो.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात यादी द्यायची तर सगळं किलो-ग्रॅममध्ये पाहिजे. नेटवर एके ठिकाणी "१ वाटी म्हणजे २५० ग्रॅम" असं दिलंय. तसं धरलं तर किलोभर मिरचीला पाऊण किलो धने होतात, ते काही पटत नाही. नेमका हिशोब कसा करायचा?

आणि त्याच वहीत चकलीच्या भाजणीला "तांदूळ १ अधोली, हरभरा डाळ १ शेर, मूगडाळ १ मापटं, उडीदडाळ १ चिपटं" आहे. हे आता किती धरायचं?

शिगोशीग

पटत नाही ते बरोबरच आहे. वाटी सांगते जागा किती, तराजू सांगतो वजन किती. २५० ग्रॅमचा आकडा फार तर पाव लिटरच्या भांड्यातल्या पाण्याला लागू पडतो. त्याच भांड्यात धने भरले तर ८५ ग्रॅमच्या आसपास बसतात, कारण धन्याचा दाणा आतून पोकळ आणि दोन दाण्यांच्या मध्ये हवाच जास्त. बारीक मीठ भरलं तर ३०० ग्रॅम. एकाच वाटीत साडेतीन पटींचा फरक पडतोय, मग सगळ्याला एक आकडा चालेल कसा?

आधी वाटीचं माप काढा. कोरडी वाटी डिजिटल काट्यावर ठेवा, झीरो करा, काठापर्यंत पाणी ओता. पाणी काठाला सपाट पाहिजे, वर फुगलेलं नको. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. वाटीचा काठ बाहेर वळलेला असेल तर वहीतली वाटी कुठवर भरायचे ते घरात विचारा, वळणापर्यंत की टोकापर्यंत. तेवढ्यात १५-२० मिलीचा फरक पडतो.

काटा नसेल तर लिटरच्या बाटलीत नेमकं लिटरभर पाणी घ्या आणि त्यात किती वाट्या भरतात ते मोजा. साडेपाच भरल्या तर वाटी साधारण १८० मिलीची. एकच वाटी मापून अंदाज करण्यापेक्षा हे बरं, कारण चूक पाच वाट्यांत वाटली जाते.

मग १०० मिली जागेत कोणता जिन्नस किती ग्रॅम बसतो त्यानं गुणायचं. हे आकडे सपाट मापाचे आहेत, न ठोकता, न दाबता, वरची शीग (काठावरचा ढीग) सुरीच्या पाठीनं काढून:

पाणी १००, दूध १०३, तेल आणि पातळ तूप ९१, मध १४०
बारीक मीठ १२०, खडे मीठ १०५ च्या आसपास
साखर ८५, पिठीसाखर ५०
तांदूळ आणि बहुतेक डाळी ८० ते ८५
रवा ७०, तांदळाचं पीठ ६५, गव्हाचं पीठ आणि मैदा ५० ते ६०, बेसन ४० ते ५०
मेथी ७४, मोहरी ७०, शेंगदाणे ६०
तीळ ६०, खसखस ५८, मिरी ५३
जिरे ४३, बडीशेप ३९, धने ३४, किसलेलं सुकं खोबरं ३३
हळद ६०, तिखट ५०, धनेपूड ४०

दाण्यांच्या जिन्नसांत पाच-सात टक्के इकडंतिकडं होतं, तेवढं मसाल्याला चालतं. पिठांचं मात्र तसं नाही, तिथं वाटी फसवते.

दालचिनी, दगडफूल, मायपत्री, तमालपत्र यांना वाटीचं माप लावूच नका. ती आडवी-उभी कशीही बसतात, त्यांना वजनच.

तोळामासा

शेर आणि तोळ्याबद्दल.

जुन्या वहीत शेर दोन तऱ्हेचा असतो. साखर, गूळ, तूप शेरावर लिहिलं असेल तर तो बहुतेक वजनी शेर. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम. धान्य-डाळी शेरावर असतील तर तो मापी शेर, म्हणजे भांडं. त्याची कोष्टकं घरोघरी पाठ असायची: २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी १ चिपटं, २ चिपटी १ मापटं, २ मापटी १ शेर, २ शेर १ अधोली, २ अधोल्या १ पायली, १६ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. मापी शेर गावागणिक लहानमोठा होता, म्हणून "पायली म्हणजे इतके किलो" असं कुणी ठणकावून सांगितलं तर आधी "कुठली पायली?" विचारा. १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर आले आणि सरकारी हिशोबातनं शेर गेला. वह्यांतनं गेला नाही.

तुमच्या भाजणीला मात्र शेर किती मोठा हे कळायची गरजच नाही. अधोली म्हणजे ८ चिपटी, शेर ४, मापटं २, चिपटं १. म्हणजे तांदूळ, हरभरा डाळ, मूगडाळ, उडीदडाळ ८ : ४ : २ : १. चिपट्याऐवजी कुठलीही एक वाटी धरा आणि आठ, चार, दोन, एक मोजा. तांदूळ आणि डाळी वजनाला जवळपास सारख्याच भरतात, त्यामुळं दुकानात २ किलो, १ किलो, अर्धा किलो, पाव किलो सांगितलं तरी चकलीला कळणार नाही.

तोळा ११.६६ ग्रॅमचा. गुजरीत, म्हणजे सराफांकडं, आज तोळा म्हणतात तो बहुतेक वेळा १० ग्रॅमचा धरतात, तो इथं धरू नका. २ तोळे लवंग म्हणजे २३ ग्रॅम. किलोला ३ ग्रॅमनं काही बिघडत नाही, पण ५ किलोला लवंग १७ ग्रॅम कमी पडेल.

गूळरवा

वरच्या यादीत एक खाच आहे. "खोबरं २ वाट्या" ही मापाची वाटी आहे कशावरून? आपल्याकडं सुक्या खोबऱ्याच्या गोट्याच्या अर्ध्या भागालाच वाटी म्हणतात. दुकानात "खोबऱ्याच्या चार वाट्या द्या" असंच मागतात की. गोट्याची वाटी लहानमोठी असते, ६० ते ८० ग्रॅम धरा. दोन वाट्या म्हणजे १५० ग्रॅमच्या आत-बाहेर. किसून मापाच्या दोन वाट्या असतील तर वजन वेगळं येईल. वहीत पुढं कृतीत "काप करून" असेल तर गोट्याच्या वाट्या, "किसून" असेल तर पुन्हा विचारायला लागेल.

असंच गुळाचं. जुन्या यादीत "गूळ १ रवा" दिसलं तर उपम्याचा रवा शोधत बसू नका, तो मार्केट यार्डातला गुळाचा रवा, म्हणजे ढेप.

शिगोशीग

खोबऱ्याचं बरोबर पकडलंत. माझ्या नजरेतनं सुटलं.

पेठेतली_सून

सगळ्यांचे आभार. वाटी मापली, काठाला सपाट १८० ग्रॅम पाणी बसतंय. खोबऱ्यापुढं वहीत "पातळ काप करून तेलात परतणे" आहे, म्हणजे गोट्याच्याच वाट्या. मीठ कुठलं ते लिहिलेलं नाही. चमचाही कुठला ते नाही.

शिगोशीग

मग १८० च्या वाटीनं १ किलो मिरचीचा हिशोब असा होतो. कंसात ५ किलोचा.

धने ३ वाट्या म्हणजे ५४० मिली, ०.३४ नं गुणून १८५ ग्रॅम (९२० ग्रॅम). नेटवरच्या हिशोबानं हेच पावणेचार किलो झाले असते आणि मसाल्याचा रंग मातकट होऊन धनेपूडच खाल्ल्यासारखं झालं असतं.
जिरे १३५ मिली, ५८ ग्रॅम (२९० ग्रॅम).
तीळ १८० मिली, १०८ ग्रॅम (५४० ग्रॅम).
खसखस ९० मिली, ५२ ग्रॅम (२६० ग्रॅम).
खोबरं १५० ग्रॅम (७५० ग्रॅम). दुकानात वाट्या मोजून नको, वजनानं घ्या.
लवंग २३ ग्रॅम (११५ ग्रॅम), दालचिनी १२ ग्रॅम (५८ ग्रॅम).

मीठ. बारीक धरलं तर १८० गुणिले १.२ म्हणजे २१६ ग्रॅम, खडे धरलं तर १८९. जुन्या वहीत मसाल्याला खडे मीठच असण्याची शक्यता जास्त, म्हणून १९० ग्रॅम धरा (९५० ग्रॅम). एकदा ग्रॅममध्ये आणलं की बारीक घ्या नाहीतर खडे, खारटपणा तोच. वाटीनं घेऊन बारीक मीठ घातलं असतं तर ५ किलोला १३० ग्रॅम मीठ जादा पडलं असतं, आणि कुटून झालेल्या मसाल्यातनं मीठ काढता येत नाही.

वजन कधी करायचं हेही ठरवून घ्या. धने, जिरे, तीळ भाजायच्या आधी मापायचे. भाजल्यावर ओल जाऊन वजन थोडं घटतं. मिरची देठासकट घेतली तर देठ काढल्यावर किलोमागं ५० ते १०० ग्रॅम कमी होते, उन्हात वाळवली की आणखी. वहीतला "१ किलो" देठ काढलेल्या मिरचीचा आहे की पिशवीतल्या, हे विचारा. नक्की कळत नसेल तर देठ काढून, वाळवून मग वजन करा आणि बाकीचं त्या आकड्यावर बसवा. मिरची ४.६ किलो भरली तर सगळं ४.६ नं गुणायचं, ५ नं नाही.

कांदा-लसूण सोलून निवडून वजन करा. सालं, बुडखा जाऊन कांदा किलोमागं १०० ग्रॅमच्या आसपास घटतो, म्हणून साडेपाच किलो आणा. तळल्यावर वजन करण्यात अर्थ नाही. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं. तळल्यावर किती उरेल ते तुम्ही गुलाबी काढता की तपकिरी कुरकुरीत, त्यावर आहे. मसाल्याला कुरकुरीतच पाहिजे. ओलसर राहिला तर डंकात गोळा होतो आणि पुढं बुरशी धरते.

डंक_आणि_चाळण

वरच्या हिशोबाला एक दुरुस्ती: तेल ५ पट करू नका. वाटीनं १८० मिली, ५ पट म्हणजे ९०० मिली होतं. पण तेल कढई भरायला लागतं, जिन्नस भिजवायला नाही. एका कढईत पाच घाणे तळले तर तेच तेल पुढं चालतं. ६०० मिलीनं सुरुवात करा, लागेल तसं वाढवा. जास्त तेल राहिलं की मसाला डंकाला चिकटतो, नीट चाळला जात नाही.

तेल घेताना पाकीट वाचा. १ लिटरच्या पाकिटावर बारीक अक्षरात ९१० ग्रॅमही छापलेलं असतं, म्हणजे वजन-मापाचा हिशोब कंपनीनंच करून दिलाय. हल्ली ८५० किंवा ८७० ग्रॅमची पाकिटंही तशीच दिसतात आणि लोक लिटर समजून घेतात. डब्यात तर आणखी घोळ. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल येतं, १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम. दोन दुकानांचे भाव ताडून बघताना कुठला डबा ते आधी विचारा.

चमच्याबद्दल. मापाचा छोटा चमचा ५ मिली, मोठा १५. पोहे खायचा चमचा घरोघरी ७ ते १० मिलीचा, आणि बायका तो शीग लावूनच भरतात. मेथी छोट्या चमच्यानं ४ ग्रॅम, मोठ्यानं ११. मेथी कडू, म्हणून कमी बाजूचाच आकडा धरा. ५ किलोला २० ते २५ ग्रॅम पुरे.

मूठभर दगडफूल: एकदा मूठ भरून काट्यावर टाका, येईल तो आकडा वहीत लिहा. ज्यांच्या मुठीचं माप आहे त्यांचीच मूठ घ्या म्हणजे झालं.

रंकाळ्याकाठी

वजनाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजूही मांडतो. ज्या कृतीत सगळंच वाटीनं आहे तिथं ग्रॅम कशाला करायचे? उकडीला १ वाटी पिठाला १ वाटी पाणी, भाताला १ ला २. वाटी कुठलीही घ्या, फक्त सगळ्याला तीच घ्या. घोटाळा होतो तो अर्धं वजनानं आणि अर्धं मापानं केल्यावर.

पुरणाचं उदाहरण घ्या. "डाळीएवढा गूळ" म्हणजे वाटीला वाटी. २०० मिलीची वाटी धरली तर हरभरा डाळ १६५ ग्रॅम आणि चिरलेला गूळ, हलक्या हातानं भरलेला, १४० ग्रॅम. हेच कुणी "समान प्रमाण" वाचून अर्धा किलो डाळीला अर्धा किलो गूळ घातला तर किलोमागं दीडशे ग्रॅम गूळ जास्त पडला. पुरण सैल होतं, आटवायला वेळ लागतो आणि पोळी लाटताना फुटते. अर्धा किलो डाळीला ४२५ ग्रॅम गूळ घ्या. गूळ दाबून भरायची पद्धत असेल तर मात्र वाटीत १८० ग्रॅमपर्यंत जातो, मग उलटंच होतं. म्हणून गूळ "चिरून, न दाबता" असं वहीत लिहून ठेवा.

शिगोशीग

हे मान्य. पिठाला मात्र मी तराजूच धरणार. वाटीभर बेसन ओट्यावर दहा वेळा हलकं ठोका, काठापासून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खाली जातं. तेवढी जागा परत भरली की त्याच वाटीत पाचवा हिस्सा बेसन जास्त. गिरणीतनं गरम आलेलं पीठ फुललेलं असतं, वाटीत हलकं भरतं. तेच डब्यात आठवडाभर बसलं की जड. वाटी डब्यात खुपसून भरली की आणखी जड. बेसनाच्या लाडवात तूप कमी-जास्त होतं ते बहुतेक यामुळं, तुपाचं माप चुकतंय असं वाटत राहतं.

पेठेतली_सून

केकच्या कृतीतला कप कुठला धरायचा? आणि काटा कुठला घ्यावा?

तोळामासा

कृती अमेरिकन असेल तर कप २४० मिलीचा धरा, ऑस्ट्रेलियन असेल तर २५० चा. त्यांचा मोठा चमचाही २० मिलीचा, बाकी सगळीकडं १५. भाताच्या कुकरबरोबर येतो तो कप १८० मिलीचा, म्हणजे तुमच्या वाटीएवढाच. त्यानं केक करू नका.

काटे दोन ठेवले तर उत्तम. ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा रोजचा, आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला, लवंग, वेलदोडे, हिंग, खायचा सोडा यांच्यासाठी. १ ग्रॅमच्या काट्यावर ४ ग्रॅम मेथी मोजली तर ती साडेतीन असेल नाहीतर साडेचार. छोट्या काट्यावर पंख्याचा वाराही लागतो, मोजताना बंद करा.

आणि एक खोड. काट्यावर खसखस चिमटी-चिमटीनं सोडली तर आकडा हलतच नाही, कारण काटा तेवढा बारीक बदल चूक समजून पुन्हा शून्यावर आणतो. वेगळ्या वाटीत काढून एकदम ओता. किंवा भांडं उचलून परत ठेवा, मग खरं वजन दिसतं.

काटा बरोबर आहे का ते बघायला वेगळी वजनं आणायला नकोत. २०११ नंतरचं ५ रुपयांचं पिवळं नाणं ६ ग्रॅमचं असायचं. तसली दहा एकदम ठेवा, ६० दिसले पाहिजेत. २०१९ पासूनच्या नव्या नाण्याचं वजन वेगळं आहे, ते त्यात मिसळू नका.

गूळरवा

ताई, डंकावर न्यायच्या आधी सगळं एकत्र करून वजन करून न्या आणि आल्यावर परत करा. थोडं डंकात आणि चाळणीत राहतंच. पण पाचशे ग्रॅम कमी आलं तर तिथंच विचारता येतं. हिंग आणि मीठ कुठल्या घाण्यात घालणार तेही त्यांना आधी सांगा. घाणे दोन झाले तर मीठ वजनानं निम्मं-निम्मं करा. नाहीतर एक डबा खारट, एक अळणी.

पेठेतली_सून

मीठ ४७५-४७५ ग्रॅमच्या दोन पुड्या बांधून ठेवल्या. चमचा पोह्याचाच होता, ९ मिलीचा भरला. म्हणजे सपाट मेथी साडेसहा ग्रॅम, ५ किलोला ३३. तरी २५ च घेते.